गुरुवारची दाढ

त्या दवाखान्याला जिना एक, बसायची खोली एक आणि आत जायची दारं दोन होती. डावीकडच्या दारामागे दातांचे डॉक्टर, उजवीकडच्या दारामागे मनाच्या डॉक्टरबाई. या व्यवस्थेचा परिणाम असा झाला होता, की उजवीकडे आलेल्या माणसाला ओळखीचं कुणी भेटलं, की तो गालावर हात ठेवून म्हणायचा, "दाढ." त्या हिशेबाने आसपासच्या चार रस्त्यांवर एकही धड दात शिल्लक नसायला हवा होता.

दोन्ही दारांची राखण एकच मावशी करत. कुणाचं गुपित फुटू नये म्हणून त्या पेशंटला नावाने हाक मारत नसत, वेळेने मारत. "साडेतीन, आत या." "पावणेपाच, तुम्ही लवकर आलात, बसा."

त्या गुरुवारी 'चार वाजता' कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. पाठ भिंतीला, नजर दाराकडे, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. तेवढ्यात हातात पुठ्ठ्याचा खोका घेऊन एक उंच तरुण आत आला, आणि नेमकं त्याच क्षणी खाली रस्त्यावर कुठल्याशा गाडीने करकचून ब्रेक दाबला.

ती ताडकन उठली. तिचं कोपर खोक्याला लागलं, खोका उडाला, आणि अकरा कवळ्या फरशीवर पसरून सगळ्या एकदम हसायला लागल्या.

"माफ करा... मी — मला वाटलं —"

"असू द्या. दात पडायचेच. माझा धंदाच त्यावर चालतो."

ती खाली बसून गोळा करू लागली. एकच कवळी तिच्या हातातून दोनदा निसटली. त्याने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मग तोही शेजारी उकिडवा बसला.

"वरच्या एका बाजूला लावा, खालच्या एका बाजूला," तो म्हणाला. "सरमिसळ झाली तर एखाद्या आजोबांच्या तोंडातून आजीबाई बोलायच्या."

वरच्या, खालच्या. वरच्या, खालच्या. सहाव्या कवळीपर्यंत तिचा श्वास जागेवर आला होता.

"सहा वरच्या, चार खालच्या. एक कमी आहे," तो मोजून म्हणाला.

"ती इथे आहे," मावशी टेबलामागून शांतपणे म्हणाल्या. "मला वाटलं, पायाला काहीतरी चावलं."

ती हसली. हसल्याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं... बऱ्याच दिवसांत ओठ त्या दिशेने गेले नव्हते.

"तुमची कुठली?" त्याने विचारलं.

"काय?"

"दाढ."

"अं... खालची. डावीकडची." असं म्हणून तिने उजव्या गालावर हात ठेवला.

त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. मग गालाकडे. "हं, ती फार त्रास देते," एवढंच म्हणाला, आणि डावीकडच्या दारात शिरला.

तिला दाढेचा काही त्रास नव्हता. ती शहर बससेवेत ड्रायव्हर होती. सहा वर्षं एकाच मार्गावर गाडी चालवून डेपोत तिचं नावच 'बत्तीस' पडलं होतं. बत्तीस नंबरच्या प्रवाशांना तिचं स्टिअरिंग हातातल्या घड्याळापेक्षा खात्रीचं वाटायचं. मग मागच्या वर्षी एका संध्याकाळी, मोठ्या चौकात, सिग्नल तोडून आलेला एक ट्रक तिच्या गाडीच्या कुशीत शिरला. प्रवाशांचं खरचटण्यावर निभावलं. दाराशी उभ्या असलेल्या कंडक्टरकाकांचा पाय दोन ठिकाणी मोडला.

चौकशी समितीने तिला पूर्ण निर्दोष ठरवलं. तिच्या मेंदूने मात्र तो अहवाल वाचला नाही. ब्रेक किंचाळला, रबर जळल्याचा वास आला, की ती जिथे असेल तिथून थेट त्या चौकात जाऊन पडायची. झोपेत चौक, जागेपणी चौक. रस्ता ओलांडायला पंधरा मिनिटं. आणि कशातच काही न वाटणं, हे सगळ्यात वाईट.

डेपो मॅनेजरने तिला हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. तिथे छत्र्या होत्या, डबे होते, आणि एक कुबडी होती. कुबडी घेऊन चढलेला माणूस ती विसरून उतरला कसा, यावर डेपोत दोन गट होते. मॅनेजर माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा होता. "वर्षअखेरीला चाचणी," तो म्हणाला. "जमलं तर बत्तीस. नाही तर कायमच्या छत्र्या."

तिला छत्र्या नको होत्या. तिला ते मोठं चाक परत हवं होतं, पहाटेची पहिली फेरी हवी होती, आरशातून दिसणारे पेंगुळलेले प्रवासी हवे होते.

सल्ले भरपूर मिळाले. कुणी म्हणालं, विसरून जा. कुणी म्हणालं, मन घट्ट कर. एका काकांनी तर आपण तीनदा पडूनही सायकल कशी सोडली नाही, ते अर्धा तास सांगितलं. शेवटी डेपोच्या डॉक्टरांनी विचारलं, "पाय मोडला असता तर काय केलं असतंस? प्लास्टर, की मन घट्ट?" आणि चिठ्ठी लिहून दिली. उजवीकडचं दार, गुरुवार, चार वाजता.

डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत तिच्या दुखण्याला नाव दिलं. आघातानंतरचा ताणविकार. नाव ऐकून ती घाबरेल असं त्यांना वाटलं असावं, पण तिला हायसं वाटलं. ज्याला नाव आहे, त्यावर इलाज असण्याची शक्यता तरी असते.

"तुझा मेंदू बिघडलेला नाही," बाई म्हणाल्या. "तो इमानदार पहारेकरी आहे. चोर निघून गेला, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. म्हणून बिचारा अजून शिट्टी वाजवतोय. आपण त्याला सांगू. हळूहळू, पुन्हा पुन्हा सांगावं लागेल. पहारेकरी जरा ढ असतात."

तर असं ते सांगणं चाललं होतं. ती संध्याकाळ बाईंसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलायची, पुन्हा बोलायची. श्वास लांब सोडायचा. पहारेकऱ्याने शिट्टी मारली, की समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, म्हणजे आपण कुठल्या दिवशी कुठे आहोत ते त्याला कळतं. मग उभ्या बसमध्ये बसायचं. मग इंजिन सुरू करून बसायचं. पायरी-पायरीने.

घरी हे ठाऊक नव्हतं. घरी दाढ होती. आईने त्यावर उपाय म्हणून मऊ भात सुरू केला होता, आणि दोन महिने झाले तरी तो थांबला नव्हता.

कवळ्या करणारा तरुण त्यानंतर दर गुरुवारी दिसू लागला.

"आज कुठली?"

"वरची."

"गेल्या गुरुवारी खालची होती."

"पसरलंय."

"जपा हं. नाकापर्यंत गेलं तर माझ्या हाताबाहेर जाईल."

ती खिडकीबाहेर बघत हसू दाबायची. तो खोक्याची दोरी उगाच सोडून पुन्हा बांधायचा. एकदा त्याने तिच्या खुर्चीशेजारची खुर्ची सोडून त्या पलीकडच्या खुर्चीवर बसून दाखवलं. मधल्या खुर्चीवर त्याने खोका ठेवला, जसा काही तो कुणी वडीलधारा माणूस होता.

"याचं इथलं काम महिन्यातून एकदा असतं," मावशी एका गुरुवारी कुणालाही उद्देशून न म्हणता म्हणाल्या. "हल्ली दर आठवड्याला येतो. एकेक दात घेऊन."

त्याचे कान लाल झाले. तिने पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली. शोधायचं काही नव्हतं.

आठव्या गुरुवारी ती रंगेहाथ सापडली. चार महिन्यांच्या मऊ भातानंतर माणसाचं जे होतं ते तिचं झालं होतं. तिने वाटेत भाजलेले शेंगदाणे घेतले होते आणि रिकाम्या खोलीत दोन्ही बाजूंच्या दाढांनी ती ते कडाकडा फोडत होती. तो दारात येऊन उभा राहिला.

ती चावायची थांबली. पण तोंड भरलेलं होतं.

"सावकाश," तो म्हणाला. "माझी घाई नाही."

तिने गिळलं. "तुम्हाला... कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या गुरुवारपासून. तुम्ही हसलात ना. बत्तीसच्या बत्तीस, ठणठणीत. अशा तोंडाकडे बघून आमच्या धंद्यातल्या माणसाला रडू येतं."

"मग विचारलं का नाही?"

"लोकांच्या तोंडातलं खोटं चारचौघांत उघडं पाडायचं नाही, हा आमचा पहिला नियम आहे."

तिने पुडीचं तोंड दुमडलं. मग म्हणाली, "डेपोत मला बत्तीसच म्हणतात." आणि तिथून सुरू करून तिने सगळं सांगितलं. चौक, ट्रक, काकांचा पाय, पहारेकरी, चाचणी. तो मध्ये एकदाही 'अरेरे' म्हणाला नाही, 'तुम्ही किती धीराच्या' असंही म्हणाला नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्याने एवढंच विचारलं, "शेंगदाणे उरलेत का?"

तिने पुडी पुढे केली. छातीवरचा दगड खाली ठेवावा तसं तिला झालं. तो कुठे ठेवायचा हे तिला कळत नव्हतं, तर याने तो नुसता घेतला आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवून दिला. खोक्याशेजारी.

इथपर्यंत ठीक चाललं होतं. पण प्रेमात पडलेल्या पुरुषाला एक खोड असते. त्याला आपण औषध आहोत असं वाटू लागतं.

त्यात याचा धंदा असा, की कवळी टोचत असली तर बसल्या बैठकीला घासून द्यायची. पेशंट दोन मिनिटं 'आ' करतो, काम होतं. त्याने मनाशी तेच गणित मांडलं. एका रविवारी दुपारी त्याने तिला बागेत फिरायला बोलावलं आणि बागेऐवजी बसथांब्यावर नेलं. समोरून बत्तीस नंबर आली.

"चला," तो उत्साहाने म्हणाला. "मी आहे ना बरोबर. एकदा बसलात की भीती गेलीच समजा."

मागे रांग होती, लोक बघत होते. ती संकोचाने चढली. तिसऱ्या थांब्याआधी ड्रायव्हरने जोरात ब्रेक दाबला, आणि पहारेकऱ्याने शिट्टी मारली.

ती उतरली तेव्हा तिला श्वास मिळत नव्हता. ती फुटपाथवर बसली. हिरवं शटर. पोस्टाची पेटी. मोडकी कुंडी. पिवळी साडी. कबुतर. पुन्हा पहिल्यापासून. हिरवं शटर. तो शेजारी नुसता उभा होता, हातात दोन तिकिटं घेऊन. चेहरा असा, की त्याच्याच तोंडातले दात कुणी काढून घेतलेत.

बऱ्याच वेळाने ती उठली.

"गाडी वळवायच्या आधी इंडिकेटर देतात," ती म्हणाली. "मागच्याला कळायला हवं. तुम्ही न देताच वळलात."

आणि ती एकटीच चालत घरी गेली.

पुढच्या गुरुवारी तिने बाईंना सांगितलं, की सगळं पाण्यात गेलं. वर्षअखेरीला सहा आठवडे उरलेत, आणि छत्र्या तिची वाट बघतायत.

"फुटपाथवर किती वेळ बसलीस?" बाईंनी विचारलं.

"घड्याळ पाहिलं होतं. अकरा मिनिटं."

"पहिल्यांदा माझ्याकडे आलीस, तेव्हा सावरायला किती लागायचे?"

तिने आठवून पाहिलं. "दोन दिवस."

"मग पाण्यात काय गेलं?"

दोन दिवसांची अकरा मिनिटं झाल्याचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं. पहारेकरी शिट्टी मारायचा थांबला नव्हता, पण ऐकायला लागला होता.

"तो बाहेर बसलाय," ती मग म्हणाली. "खोका न घेता आलाय."

"बोलवायचं का? तू हो म्हणालीस तरच."

तिने थोडा विचार केला. हो म्हणाली. मावशींनी हाक मारली, "कवळी, आत या."

तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"तुम्ही तिचा उपचार नाही," बाई त्याला म्हणाल्या. "तुम्ही तिचे कोण, ते तुम्ही दोघं ठरवा. उपचार माझ्याकडे राहू द्या."

"मग मी काय करू?"

"करण्याआधी विचारा. होण्याआधी सांगा. आणि ती नाही म्हणाली तर ते ऐका."

त्याने खिशातून वही काढली आणि तिन्ही गोष्टी लिहून घेतल्या. नंतर त्याने ती वही तिच्याकडे वळवली. वर लिहिलं होतं, 'माझं चुकलं. हे मी पहिल्या ओळीवर लिहिलंय.'

"इंडिकेटर दिलात," ती म्हणाली.

त्यानंतर त्या माणसाने सूचनांचा असा काही सपाटा लावला, की मावशींनी हात टेकले. "मी आता खोकणार आहे." "वारा आहे, दार आपटेल." "मी तुमच्या उजव्या बाजूने येतोय, हातात दोन चहा आहेत, एक गरम आहे, दुसराही गरमच आहे." मोबाइलवर संदेश यायचे : 'उद्या सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास मला तुमची आठवण येण्याची शक्यता आहे. कळावे.'

तिने उत्तर पाठवलं, 'सूचना मिळाली. आठवण काढण्यास हरकत नाही.'

त्याच आठवड्यात तिने घरी सांगितलं. ताट समोर होतं, ताटात मऊ भात होता. तिने सगळं एका दमात सांगून टाकलं आणि आईकडे न बघता भाताचे ढीग करत राहिली.

"म्हणजे दाढ चांगली आहे?" आईने विचारलं.

"हो."

"दुसरी?"

"सगळ्या चांगल्या आहेत गं."

आई उठून आत गेली. डबे वाजले. परत आली तेव्हा तिच्या हातात कुरकुरीत भाजलेली पोळी होती, पापडासारखी. ती लेकीच्या ताटात ठेवून आई शेजारी टेकली.

"झोपेत ओरडायचीस," ती म्हणाली. "दाढेने माणूस कुणाला 'काका, बाजूला व्हा' म्हणून ओरडत नाही, एवढं मला कळतं. पण तू दाढ म्हणालीस, म्हणून मी भात केला. मला दुसरं काय येतं?"

तिला रडू आलं, आणि रडता रडता पोळीचा कडाका असा वाजला, की दोघी हसल्या.

"त्या बाई चांगल्या आहेत ना?" आईने विचारलं.

"फार."

"मग जात जा. आणि तुझ्या सांगण्यात तीनदा आला तो कवळ्यावाला?"

"कुठला कवळ्यावाला?"

"आता कुठली दाढ म्हणून विचारू?" आई म्हणाली.

चाचणीच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, काचेवर अवकाळी भुरभुर चालू होती. सहा आठवडे ती प्रशिक्षकाबरोबर आधी डेपोच्या आवारात, मग रिकाम्या रस्त्यांवर, मग भर गर्दीत गाडी चालवत आली होती. फक्त मोठा चौक राहिला होता, आणि तो आज वाटेत होता. गाडीत वही घेतलेले निरीक्षक होते. दाराशी, आपल्या जुन्या जागी, काठी टेकत कंडक्टरकाका उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"काका, बसा ना तुम्ही."

"मी बसलो तर घंटी कोण मारणार? तुझा तो ट्रक?" काका म्हणाले. "पोरी, पाय माझा मोडला आणि छत्र्यांत बसलीस तू. हा कुठला न्याय?"

शेवटच्या सीटवर खोका मांडीवर घेऊन तो बसला होता. निरीक्षकांची रीतसर परवानगी काढून. चढतानाच त्याने जाहीर केलं होतं, "गाडी डेपोत परत आल्यावर, पूर्ण थांबल्यावर, हँडब्रेक ओढल्यावर मी तुम्हाला एक प्रश्न विचारणार आहे. उत्तर लगेच द्यायचं नाही. पुढच्या गुरुवारी चारपर्यंत मुदत आहे. वाढवूनही मिळेल."

"सोपा आहे का?"

"विचारणाऱ्याला अवघड आहे."

काकांनी डबल घंटी मारली. गाडी निघाली.

मोठ्या चौकात दिवा हिरवा होता, आणि उजवीकडे एक ट्रक येऊन थांबत होता. पहारेकरी उठला, त्याने शिट्टी तोंडाला लावली. वायपर, ती मनात म्हणाली. आरसा. लाल छत्री. काकांची काठी. माझे हात. पहारेकऱ्याने ट्रककडे नीट पाहिलं. हा तो नव्हे, असं त्याचं त्यालाच कळलं असावं. ट्रक थांबला. बत्तीस नंबर चौक ओलांडून पलीकडे गेली.

आणि पलीकडे एक स्कूटर आडवी आली.

तिने ब्रेक दाबला. टायर किंचाळले. गाडी स्कूटरच्या हातभर अलीकडे थांबली. निरीक्षकांचं पेन हवेत. तिचं हृदय धाडधाड वाजत होतं... पण ती इथेच होती. आजच्या दिवशी, याच रस्त्यावर. ब्रेक तिनेच दाबला होता, आणि तो लागला होता.

"पुढे सरका, पुढे सरका," काका रिकाम्या गाडीला म्हणाले. "दारात गर्दी करू नका." आणि डबल दिली.

ती हसली, आणि गियर टाकला.

डेपोत गाडी जागेवर लागली. निरीक्षकांनी शेवटची खूण केली, वही मिटली आणि म्हणाले, "सोमवारपासून पहिली फेरी." काकांनी तोंड फिरवून चष्मा पुसला. तो पुसायची गरज नव्हती, पाऊस बाहेर होता. बाईंकडे अजून महिन्यातून एक गुरुवार राहणार होता. ते तिला ठाऊक होतं आणि चालणारही होतं.

तो खोका छातीशी धरून पुढे आला. घसा साफ केला. "मी आता घसा साफ केला," तो म्हणाला. "हँडब्रेक ओढलात का?"

तिचा हात हँडब्रेकवर होता. तिने तो ओढला नाही.

"हो," ती म्हणाली.

"ओढलात?"

"नाही. तुझ्या प्रश्नाला म्हणतेय. हो."

खोका त्याच्या हातातून सुटला. कवळ्या बसभर पसरल्या. एक तर निरीक्षकांच्या बुटाजवळ जाऊन हसत बसली.

"अहो, पण — मी अजून विचारलंच... असं न सांगता एकदम..."

"दचकलास?" ती म्हणाली. आता तिने हँडब्रेक ओढला, आणि त्याच्याकडे वळून बसली. "लांब श्वास सोड. पाच वस्तू सांग, समोर दिसणाऱ्या."

त्याने श्वास सोडला. "स्टिअरिंग. घंटीची दोरी. काकांची काठी. साहेबांची वही..."

"पाचवी?"

"पाचवी माझ्याकडे बघतेय."

ती उठून कवळ्या गोळा करू लागली. निरीक्षकांनी बुटाजवळची कवळी दोन बोटांनी उचलून सीटवर ठेवली, वही पुन्हा उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'डेपोत थांबताना धक्का जाणवला नाही. प्रवासी सुखरूप. दात सांडले, ते ड्रायव्हरने स्वतः उचलून दिले. वरचे एका बाजूला, खालचे एका बाजूला.'